करंटची मशीन लावतात तेव्हा नेमकं काय होतं? आखडलेल्या खांद्याच्या निमित्ताने

लालबागला राहणाऱ्या एका मुलाचा प्रश्न आहे. आई ६२ वर्षांची, मधुमेह आहे. गेले चार महिने उजवा खांदा आखडलाय. वेणी घालता येत नाही, ब्लाउजचा मागचा हूक लागत नाही, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. हाडांच्या डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर आहे असं सांगून चिठ्ठीवर ‘आयएफटी + एक्सरसाइज, १० सीटिंग’ लिहून दिलं. आयएफटी म्हणजे इंटरफेरेन्शियल थेरपी, कातडीवर पॅड लावून दुखणं कमी करण्यासाठी दिला जाणारा करंट. आईला करंट म्हटलं की धडकी भरते, कारण मागे ओल्या हाताने मिक्सरचा प्लग काढताना चांगलाच शॉक बसला होता. त्यात शेजारच्या काकूंनी सांगितलं की करंटने नसा कमजोर होतात. म्हणून मुलगा विचारतो: शॉक बसतो का, त्या वीस मिनिटांत काय करतात, दहा सीटिंगमध्ये खांदा सुटेल का, आणि ऑनलाइन छोटी मशीन मिळते ती आणून घरीच लावली तर चालेल का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आधी महापालिकेच्या रुग्णालयात होते, आता बरीच वर्षं दादरला छोटंसं क्लिनिक चालवते. हे प्रश्न माझ्यासमोर रोज येतात, फक्त बहुतेक लोक ते मला न विचारता रिक्षात बसल्यावर मुलीला विचारतात.

शॉक बसत नाही. पण नुसतं ‘नाही’ म्हणून आईची भीती जाणार नाही, म्हणून का बसत नाही तेही सांगते. घरातली वीज २३० व्होल्टची, ५० हर्ट्झची. ओल्या हाताने प्लग धरला की ती हातातून शिरते आणि पायातून जमिनीत जायला बघते, म्हणजे वाटेत छाती लागते. आमच्या मशीनची तारा लावलेली बाजू मेन लाइनपासून आतूनच वेगळी केलेली असते. करंट एका पॅडमधून शिरतो आणि जवळच्याच दुसऱ्या पॅडमधून मशीनकडे परत जातो. जमिनीकडे जायला त्याला वाटच नसते. शिवाय तो मिलिॲम्पिअरच्या हिशेबात, शून्यापासून हळूहळू वाढवत दिला जातो. अर्थात मशीन धड असली पाहिजे, वायर सोललेली नको, हे सगळं त्यात गृहीत आहे.

नसा कमजोर होतात हे खरं नाही. कातडीवरून जाणारा हा करंट स्पर्शाच्या नसांना जागं करतो, आणि ते काम त्या एरवीही दिवसभर करतच असतात. चार महिने हात पोटाशी धरून ठेवल्याने दंडाचे आणि पाठीच्या फऱ्याचे स्नायू मात्र नक्की कमजोर होतात. काकूंना सांगायचंच असेल तर ते सांगा.

आता मला यात खरी अडचण काय दिसते ते सांगते. आईला करंट लागेल ही नाही. आई गप्प बसेल, ही आहे. या उपचारात करंट किती द्यायचा हे मशीनवरचा आकडा ठरवत नाही, रुग्णाचं तोंड ठरवतं. तोच आकडा एकाला कळत नाही आणि दुसऱ्याला टोचतो. कातडीची जाडी, घाम, चरबी, पॅड किती नीट बसलंय, सगळ्याने फरक पडतो. मी विचारते, ‘कसं वाटतंय?’ आणि साठीच्या पुढच्या बायका हमखास म्हणतात, ‘ठीक आहे, असू दे.’ कधी ते खरंच ठीक असतं. कधी पॅडची कड उचललेली असते, तिथे भाजल्यासारखं होत असतं, आणि बाई आयुष्यभराच्या सवयीने सोसत असतात. याच्या उलट टोकाचेही लोक असतात. बहुतेक पुरुष. ‘वाढवा हो मॅडम, काही होत नाही, पैसे भरलेत.’ जास्त करंट म्हणजे जास्त गुण, असा हिशेब नाही. जोरदार पण सुखाचं वाटेल इतकाच हवा. तर आईला घरूनच हे पढवून पाठवा की तिथे सोसायचं नाही, सांगायचं.

पहिल्या दिवशी मशीनला हात लावायच्या आधी बरंच बोलणं होतं, निदान व्हायला हवं. पेसमेकर आहे का, कुठल्या शस्त्रक्रिया झाल्यात, कधी कर्करोगाचे उपचार झालेत का, फिट येतात का, पायात रक्ताची गाठ झाली होती का, कातडीला कशाची ॲलर्जी आहे का. बाई तरुण असेल तर दिवस गेलेत का, हेही. पेसमेकर असेल तर मी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करंट लावतच नाही. काही क्लिनिकमध्ये हे काहीही न विचारता थेट पडद्याआड झोपवतात. तसं झालं तर तुम्हीच आपणहून सगळं सांगा, आणि पुढच्या वेळी दुसरं क्लिनिक बघा. थेरपिस्टची राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी-फिजिओथेरपी कौन्सिलकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात काही गैर नाही. बहुतेकांनी ते प्रमाणपत्र भिंतीवरच लावलेलं असतं.

गुडघ्यात किंवा कंबरेत धातू बसवलेला असेल तर लोक घाबरतात. आयएफटीसाठी खांद्याजवळ पॅड लावताना गुडघ्यातल्या प्लेटने काही बिघडत नाही. धातूची खरी भानगड शॉर्टवेव्ह डायथर्मी नावाच्या खोल शेकाच्या मशीनशी आहे. तिथे धातू तापू शकतो. दोन्ही मशीन्सना लोक ‘करंट’च म्हणतात, म्हणून आपल्याला कुठली लावताहेत ते विचारून घ्या. ती डायथर्मी शेजारच्याच खाटेवर चालू असेल तर तिच्या लहरींनी आयएफटीच्या करंटमध्ये अचानक चढउतार होऊ शकतात. म्हणून या दोन मशीन्स एकमेकींपासून लांब ठेवतात. मुंबईतल्या दोनशे चौरस फुटांच्या क्लिनिकात ते पाळणं सोपं नसतं, म्हणून एका वेळी एकच चालवायची.

तुमच्या आईच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची तपासणी म्हणजे कातडीला नीट कळतंय का, ही. मधुमेहात संवेदना बहुधा आधी तळपायांची जाते, मग हातांची. खांद्याची शाबूत असण्याची शक्यता जास्त. पण अंदाजावर चालत नाही. मी डोळे मिटायला सांगते आणि कधी टाचणीच्या टोकाने, कधी बोथट बाजूने हलकेच स्पर्श करून विचारते, टोकदार की बोथट? शेक द्यायचा असेल तर एका नळीत कोमट आणि एकीत गार पाणी घेऊन तेच करते. हे सगळं दोन-तीन मिनिटांत होतं. कळत नसेल तर त्या जागी मी करंट लावत नाही, आणि गरम पिशवी तर मुळीच नाही. माझ्या मते बधिर कातडीला करंटपेक्षा शेक जास्त घातक. मधुमेही माणसाला गरम पिशवीने फोड आला आणि त्याला पत्ताच नाही, असं होतं.

मग खांदा मोजतात. हात पुढून किती वर जातो, बाजूने किती, कोपर अंगाशी ठेवून पंजा बाहेर किती वळतो, मागे पाठीवर अंगठा कुठवर पोचतो. दुखणं शून्य ते दहामध्ये किती, ते विचारतात. हे आकडे कागदावर लिहायला लावा. नाहीतर दहा दिवसांनी ‘बरं वाटतंय ना?’ ‘हो, जरा’ एवढ्यावर सगळं संपतं, आणि पैसे कशाचे दिले ते कोणालाच कळत नाही.

कपड्यांबद्दल. खांदा आणि दंड उघडा करावा लागतो, तेव्हा पुढून उघडणारा सैल ब्लाउज किंवा गाऊन बरा. पडदा असतो, आणि बाई थेरपिस्ट हवी असेल तर वेळ घेतानाच सांगा. पहिल्या दिवशी मुलीने किंवा सुनेने सोबत आत बसायला काहीच हरकत नाही. मंगळसूत्र काढायचं का, हा प्रश्न बायका मला हळू आवाजात विचारतात. काढायची गरज नाही. पॅडखाली किंवा पॅडला चिकटून धातू येऊ नये एवढंच, म्हणून मी ते डाव्या बाजूला सरकवून पदराखाली ठेवायला सांगते. खांद्याला तेल, बाम, स्प्रे काहीही लावून येऊ नये. तेलाने पॅड नीट बसत नाही आणि बामाने आधीच चुरचुरणाऱ्या कातडीवर करंट आणखी टोचतो. सकाळी नारायण तेलाने चोळून आलेल्या कित्येक जणांचा खांदा मला साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावा लागतो. उपाशीपोटी येऊ नये. करंटने साखर खाली जात नाही, पण नंतर व्यायाम असतो, आणि गोळी किंवा इन्शुलिन घेऊन न खाता आलं तर चक्कर येऊ शकते.

आता ती वीस मिनिटं. आईला खुर्चीत बसवतील, नाहीतर पाठीवर किंवा कुशीवर झोपवून हाताखाली उशी देतील. खांदा टेकलेला आणि निवांत असला पाहिजे, ताणलेल्या खांद्याला कशानेच आराम पडत नाही. आयएफटीला चार पॅड लागतात. काळ्या रबराचे, जेल लावलेले, नाहीतर ओल्या स्पंजच्या खोळीतले. वरून वेल्क्रोचा पट्टा किंवा क्रेप बँडेज. काही मोठ्या ठिकाणी हवेने चिकटणारे कप असतात, ते कातडी ओढून धरतात आणि गोल वळ उठवतात. वयस्कर, नाजूक कातडीला मला ते आवडत नाहीत. चार पॅड खांद्याभोवती फुलीसारखे लावतात, दोन समोरासमोर आणि दोन त्यांना छेदून.

स्पंज नीट भिजलेला आणि पॅड सगळीकडून सारखा टेकलेला असणं फार महत्त्वाचं. कड उचलली किंवा स्पंज अर्धवट वाळला की तेवढाच करंट कमी जागेतून शिरायला लागतो, आणि त्या ठिकाणी टोचतं. पूर्ण पॅडखाली मुंग्या आल्या तर सगळं ठीक. एकाच ठिपक्याला सुई लागल्यासारखं वाटलं तर लगेच सांगायचं. पावसाळ्यात, मेच्या घामात चिकटवायचे पॅड निघून येतात, म्हणून मी त्या दिवसांत पट्टेवालेच वापरते.

बटण शून्यावर आहे हे बघूनच मशीन चालू करतात. सुरुवातीला काहीच कळत नाही, मग पॅडखाली बारीक गुदगुल्या, मग मुंग्या, आणि थोडं वाढवल्यावर खांद्याच्या आत कुठेतरी घुमल्यासारखं. इथे थांबायचं. बऱ्याच मशीनवर तो करंट लाटेसारखा कमीजास्त होत राहतो, ते बिघाडाचं लक्षण नव्हे. चार-पाच मिनिटांनी आईला वाटेल मशीन बंद पडली. बंद पडलेली नसते. तेच तेच आलं की नसा त्याची दखल घेणं सोडतात. तेव्हा सांगितलं की थेरपिस्ट जरासं वाढवतात किंवा पद्धत बदलतात. लाटेसारखा करंट देतात तोही यासाठीच, नसांना सवय होऊ नये म्हणून. चालू असताना पॅडला हात लावायचा नाही, पॅड ओढायचं नाही, अचानक उठून बसायचं नाही. बेल जवळ असावी किंवा हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर माणूस असावं. मशीन लावून थेरपिस्ट पलीकडे फोनवर अर्धा तास, हे मला मान्य नाही. लाइट गेली तर काही होत नाही, करंट थांबतो. परत येईपर्यंत बटण शून्यावर आणून ठेवलं पाहिजे. नव्या मशीन ते आपणच करतात, जुन्या करत नाहीत.

संपल्यावर पॅड काढले की कातडीवर गुलाबी चौकोन दिसतात. ते थोड्या वेळात जातात. लाल राहिले, आग झाली, फोड आला तर कळवायचं आणि त्या जागी पुन्हा लावायचं नाही. काहींना झोप येते, काहींना खांदा हलका वाटतो, काहींना काहीच वाटत नाही. हे तिन्ही मी रोज बघते.

ज्यांना यामागचं शास्त्र हवंय त्यांच्यासाठी थोडं. कोपर दाराला आपटलं की आपण ते चोळतो आणि दुखणं कमी वाटतं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली याचं स्पष्टीकरण मांडलं: स्पर्शाचा निरोप आणणाऱ्या जाड नसा जागृत झाल्या की मणक्यातल्या मज्जारज्जूत दुखण्याच्या बारीक नसांचा निरोप अडवला जातो. मज्जारज्जूतल्या या दारामुळे त्याला गेट कंट्रोल सिद्धांत म्हणतात. पुढे त्यात बरीच भर पडली, शरीर स्वतःच वेदनाशामक रसायनं सोडतं हेही कळलं, पण वेगवान मुंग्या देणाऱ्या टेन्स नावाच्या छोट्या करंट मशीनचं मूळ तिथे आहे. विजेचा उपयोग मात्र फार जुना. पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस नावाचा रोमन वैद्य डोकेदुखीसाठी आणि पायाच्या संधिवातासाठी विजेचा झटका देणारा समुद्री मासा अंगाला लावायला सांगायचा. आईने कुरकुर केलीच तर मी हे सांगते. आमच्याकडे निदान मासा नाही.

टेन्स आणि आयएफटी यांत फरक काय? टेन्स खिशात मावते, बॅटरीवर चालते आणि अतिशय छोटे ठोके देते. एकेक ठोका साधारण ५० ते २५० मायक्रोसेकंदांचा. वेगवान पद्धतीत सेकंदाला शंभरच्या आसपास ठोके पडतात, त्याच्या मुंग्या येतात. संथ पद्धतीत दोन ते चार, आणि त्यात स्नायू उडताना दिसतो. आयएफटी ही व्हिएन्नाच्या हान्स नेमेक यांनी १९५०च्या दशकात पुढे आणलेली पद्धत. तिच्यात दोन वेगळे करंट सोडतात, समजा एक ४००० हर्ट्झचा आणि दुसरा ४१०० चा. इतक्या वेगाच्या करंटला कातडीचा अडथळा कमी होतो, म्हणून वर टोचत नाही. आत जिथे दोघे एकमेकांना छेदतात तिथे दोघांतल्या फरकाचा, म्हणजे १०० हर्ट्झचा, चढउतार तयार होतो. तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळल्यात पण पुरत्या नाहीत, तेव्हा जो घुमारा ऐकू येतो, त्यातलाच प्रकार. व्यवहारात दोघांच्या गुणात फार मोठा फरक मला दिसलेला नाही. आयएफटी खांद्यासारख्या जाड सांध्याला जरा सुखाची वाटते, इतकंच म्हणेन.

याने खांदा सुटेल का? करंटने नाही. इथे मला स्पष्ट बोलायला हवं, कारण आमच्याच व्यवसायात यावर गोड बोलण्याची पद्धत पडलीय. फ्रोझन शोल्डरमध्ये सांध्याभोवतीची पिशवी जाड आणि आखूड होते. ती ताणल्याने आणि काळाने सैल होते. करंट तिला लांब करू शकत नाही, तो फक्त दुखणं काही वेळ कमी करतो. २०२२ साली ३८१ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यातही टेन्सने दुखणं मशीन चालू असताना आणि लगेच नंतर कमी होतं आणि गंभीर अपाय होत नाही असंच दिसलं. दुसरीकडे कुठले उपचार द्यावेत याची शिफारस करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी आणि २०२२ साली सांध्यांच्या झिजेसाठी टेन्स आणि आयएफटी देऊच नका असं सांगितलं, कारण टिकाऊ फायद्याचा पुरेसा पुरावा नाही. दोन्ही गोष्टी वाचून लोक गोंधळतात. मला त्यांच्यात भांडण दिसत नाही. मशीन लावून घरी जाऊन खांदा पुन्हा पोटाशी धरून बसलात तर उपयोग शून्य. मशीनने दुखणं सातावरून चारवर आलं आणि त्या तासाभरात खांदा ताणून घेतला, जो सातवर ताणू दिला नसता, तर मशीनचा उपयोग झाला.

म्हणून चिठ्ठीवरचा ‘एक्सरसाइज’ हा शब्द मोठा समजा. करंटनंतर लगेच पुढे वाकून हात लोंबता सोडून गोल फिरवणं, भिंतीवर बोटांनी चढत जाणं, काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने दुखरा हात बाहेर ढकलणं, टॉवेलने पाठीमागचा हात वर ओढणं. थेरपिस्ट स्वतःच्या हातानेही सांधा हलवून देतात. ताणताना दुखेल. मी असं सांगते: ताण सोडल्यावर काही मिनिटांत उतरणारं दुखणं चालतं, रात्रभर ठणकलं तर आदल्या दिवशी जास्त झालं. घरी हेच दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. ज्या घरात पोरं-नातवंडं आठवण करून देतात तिथले खांदे लवकर सुटतात. हे माझं निरीक्षण आहे, कुठल्या अभ्यासातलं नाही.

किती सीटिंग, हे परिस्थितीवर आहे. दहा हा आकडा शास्त्राचा कमी आणि सवयीचा जास्त. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या लिहून ठेवलेल्या आकड्यांशी पडताळून बघा. करंटनंतर दुखणं कमी होत असेल तर चालू ठेवा. होत नसेल तर मशीन सोडा, व्यायाम सोडू नका, आणि थेरपिस्टने त्यावर नाराज होऊ नये. मुळात हा आजार दहा दिवसांचा नाही. तो महिनोन्महिने चालतो, एक ते तीन वर्षंही घेतो, आणि मधुमेहात जास्त होतो, जास्त रेंगाळतो. म्हणून साखरेचा ताजा रिपोर्ट सोबत न्या. दुखणं फारच असेल तर हाडांचे डॉक्टर सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवतील. सुरुवातीच्या काळात त्याने बराच आराम पडतो, पण मधुमेह्यांची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, तेव्हा मधुमेहाच्या डॉक्टरांना आधी सांगा.

क्लिनिक घराजवळचंच निवडा. सकाळी नऊच्या गर्दीत दुखऱ्या हाताने दांडी धरून दोन स्टेशनं गेलात तर आराम तिथेच संपला. अकरानंतर जा, बसने जा. लालबागहून परळचं केईएम जवळ आहे. देशातली फिजिओथेरपीची पहिली शाळा तिथेच सुरू झाली. महापालिकेच्या केईएम, नायर, सायन या तिन्ही रुग्णालयांत खासगीपेक्षा फारच कमी पैशांत हे उपचार होतात. रांग असते, विद्यार्थी उपचार देतात, पण वर शिक्षक असतात, आणि विद्यार्थी प्रश्न विचारण्यात कंटाळा करत नाहीत हा मोठा फायदा. हाजीअलीजवळची १९५५ साली सुरू झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थाही आहे. रोज जमणार नसेल तर आठवड्यातून दोनदा जाऊन व्यायाम नीट शिकून घेणं, हे रोज जाऊन नुसतं मशीनखाली पडून येण्यापेक्षा बरं.

एक सावधानता. हॉल भाड्याने घेऊन ज्येष्ठांना रोज फुकट पायाखाली करंटची पाटी किंवा गरम गादी देणारे लोक असतात. मधुमेह, ब्लडप्रेशर, गुडघे, सगळं बरं होतं म्हणतात आणि महिन्याभराने महागडी मशीन गळ्यात मारतात. तिथे कोणी टाचणीने तपासत नाही की पेसमेकरबद्दल विचारत नाही. आईला तिकडे जाऊ देऊ नका.

खांदा कधीकधी दुसऱ्याच कशाने दुखतो. छातीत दडपण, घाम, दम लागणं यांच्यासोबत खांदा किंवा हात दुखला, विशेषतः मधुमेही माणसाचा, तर फिजिओकडे नाही, थेट रुग्णालयात. ताप आणि लाल-गरम सांधा, पडल्यावर लगेच न उचलणारा हात, हातातली वाढती बधिरता, यांतही आधी डॉक्टर.

राहिली घरची मशीन. छोटी टेन्स वाईट नाही. मी स्वतः काही रुग्णांना घ्यायला सांगते, पण चार-पाच सेशन क्लिनिकमध्ये झाल्यावर, पॅड कुठे लावायचे ते कातडीवर पेनाने खुणा करून दाखवल्यावर. गळ्याच्या पुढच्या बाजूला, डोक्यावर, आणि छातीच्या आरपार, एक पॅड पुढे आणि एक मागे, असं कधीही लावायचं नाही. जखमेवर नाही, झोपेत नाही, अंघोळीच्या वेळी नाही, स्कूटर चालवताना नाही. चिकट पॅड एका माणसाचेच ठेवा, चिकटपणा गेला की बदला. आईच्या तळपायांत मुंग्या आहेत म्हणून तीच मशीन पायाला लावू नका. तिथे कळतंय की नाही हे तपासल्याशिवाय नको. विकत घेताना स्नायू कमावण्याच्या किंवा पोट कमी करण्याच्या नावाने विकलेली मशीन चुकून घेऊ नका, बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

पण आईचा खांदा बघता आत्ता पहिला खर्च मी मशीनवर करणार नाही. दाराच्या वर अडकवायची दोरी-कप्पी मिळते, हातात धरायच्या दोन मुठींसह, टेन्सपेक्षा खूपच स्वस्त. आईची खुर्ची दाराकडे पाठ करून ठेवा, दार घट्ट लावून घ्या म्हणजे मधेच कोणी उघडणार नाही, आणि डाव्या हाताने दोरी खाली ओढत उजवा हात जमेल तितकाच वर जाऊ द्या. पाच मिनिटं सकाळी, पाच संध्याकाळी. किती वर न्यायचा ते पहिल्यांदा थेरपिस्टसमोर करून बघा.